एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर कबड्डीच्या मॅटवर कधी उतरावे?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची असून कबड्डीत चढाई करते. सरावात चढाईवरून परतताना वळण घेतले तेव्हा तिचा उजवा गुडघा फिरला. एमआरआयमध्ये एसीएल हा गुडघ्यातील अस्थिबंध पूर्ण तुटल्याचे दिसले आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा ग्राफ्ट म्हणून बसवण्यात आली. त्याला आता पाच महिने झाले आहेत. दुखणे नाही, ती जिने चढते-उतरते, सकाळी थोडे धावतेही. पहिले दोन महिने शेक आणि व्यायाम झाले, त्यानंतर फिजिओथेरपी बंद केली. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी आहे आणि तेव्हा सहा महिने पूर्ण होतील. तिला खेळू द्यावे का?

उत्तर : पुढच्या महिन्याच्या निवड चाचणीत तिला उतरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा गुडघा न पाहताही हे मी खात्रीने सांगते, कारण तुमच्या पत्रातील दोन गोष्टी त्यासाठी पुरेशा आहेत. तिच्या शस्त्रक्रियेला सहा महिने होत आहेत आणि तिने ताकदीचा व्यायाम दोन महिन्यांनंतर सोडला आहे. यांतील पहिली गोष्ट काळजीची आहे आणि दुसरी त्याहून अधिक.

एसीएल हा अस्थिबंध मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत तिरकस बांधून ठेवतो. नडगीला तो पुढे घसरू देत नाही, आणि पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळले की गुडघ्यात बसणारा पीळ आवरतो. चढाई करणारा खेळाडू प्रत्येक चढाईत नेमके हेच करतो. दुर्बिणीने बसवलेला ग्राफ्ट पहिल्या दिवशी यांत्रिक दृष्ट्या मजबूत असतो. मात्र मूळ जागेवरून काढल्यामुळे त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत त्यातील जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि कंडरेचे हळूहळू अस्थिबंधासारख्या ऊतीत रूपांतर होऊ लागते. या प्रवासात साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ग्राफ्ट सर्वांत कमकुवत असतो, आणि नेमक्या त्याच काळात सूज उतरून दुखणे थांबल्यामुळे घरच्यांना वाटते की पाय बरा झाला. पुढचे रूपांतर वर्षभर आणि त्याहून अधिक काळ चालते. ग्राफ्ट आत कोणत्या अवस्थेत आहे हे दुखण्यावरून कळत नाही, म्हणून ‘आता दुखत नाही’ या वाक्यावर खेळाचा निर्णय घेता येत नाही.

सहा महिन्यांचा आकडा सर्वांच्या तोंडी आहे आणि तो पूर्णपणे निराधारही नाही. अनेक वर्षे जगभर हीच मुदत सांगितली जात असे, आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ती सांगतात तेव्हा त्यांच्या मनात ‘सर्व काही नीट पार पडले तर लवकरात लवकर’ असा अर्थ असतो. घरी पोहोचेपर्यंत त्यातील अट गळून पडते आणि तारीख तेवढी उरते. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र ही मुदत मागे पडली आहे. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून २०१६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात खेळात परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याची पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेले दिसले. त्याच अभ्यासात ठरावीक चाचण्या उत्तीर्ण न होता खेळात परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांना पुन्हा दुखापत झाली, तर सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊन परतलेल्यांमध्ये हे प्रमाण ५.६ टक्के होते. २०२० मध्ये स्वीडनमधील तरुण खेळाडूंच्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांमध्ये दुसऱ्यांदा एसीएल तुटण्याचे प्रमाण नंतर परतलेल्यांच्या सुमारे सातपट आढळले. पंचविशीच्या आतील जे खेळाडू खेळात परततात, त्यांच्यापैकी साधारण दर चार-पाच जणांत एकाचे एसीएल पुन्हा तुटते, त्याच पायाचे किंवा दुसऱ्या पायाचे. हे अभ्यास मुख्यतः फुटबॉल, हँडबॉल अशा खेळांतील आहेत. पण कबड्डीत तशीच वळणे आणि तसेच अचानक थांबणे असते, आणि त्यावर चार जणींची साखळी अंगावर येते, तेव्हा गुडघ्यावरचा भार इथे हलका समजण्याचे कारण नाही.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे बंद पडलेल्या फिजिओथेरपीकडे वळते, कारण तुमच्या मुलीचे पुढचे वर्ष त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर शेक आणि करंट येतो. दहा दिवस मशीन लावून घेतले, बरे वाटले, संपले. आयएफटी (म्हणजे हा करंट), अल्ट्रासाउंड, गरम-थंड शेक यांनी सुरुवातीच्या दिवसांत वेदना थोडी सुसह्य होते, एवढाच त्यांचा उपयोग. स्नायूची ताकद त्यांनी वाढत नाही. एसीएलच्या दुखापतीत आणि शस्त्रक्रियेत सर्वाधिक नुकसान होते ते मांडीच्या पुढच्या स्नायूचे, ज्याला आम्ही क्वाड्रिसेप्स म्हणतो. गुडघ्यात पाणी साचले की मज्जारज्जूकडून त्या स्नायूला जाणारा आदेशच दाबला जातो. रुग्ण मनापासून जोर लावतो, तरी स्नायू पूर्ण आकुंचन पावत नाही. हा दाब सूज उतरल्यावरही लगेच जात नाही. स्नायू बारीक होतो, आणि चालणे, जिने चढणे अशा कामांत शरीर त्याच्या वाट्याचे काम खुब्याच्या आणि दुसऱ्या पायाच्या स्नायूंकडून करून घेते. म्हणून मुलगी चालताना अगदी व्यवस्थित दिसते आणि मोजायला बसले तर उजव्या मांडीची ताकद डावीच्या ६०-६५ टक्के निघते. असे गुडघे मी नेहमी पाहते. त्यांपैकी बहुतेकांचे पालक ‘काही त्रास नाही’ असेच सांगत येतात.

घरी तुम्हाला तीन गोष्टी पाहता येतील. त्यांवरून खेळायचे की नाही हे ठरवू नये, पण ती कुठे आहे याचा अंदाज येईल.

पहिली गोष्ट म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होतो का. तिला पलंगावर पालथे झोपवा आणि दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या पलंगाच्या कडेच्या किंचित बाहेर येतील असे सरकवा, म्हणजे नडग्या मोकळ्या लोंबतील. दोन मिनिटे पाय सैल सोडू द्या आणि मग मागून दोन्ही टाचांची उंची पाहा. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची टाच वर राहिली, तर तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही. टाचांमधला साधारण एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक अंशाची उणीव. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटेल, पण तो सोडून देऊ नये. सरळ न होणाऱ्या गुडघ्यात क्वाड्रिसेप्स कधीच पूर्ण ताकद लावत नाही, आणि पाचव्या महिन्यातही सरळपणा अडत असेल तर ग्राफ्टच्या पुढे व्रणाची गाठ तयार झाली आहे का, हे डॉक्टरांनी तपासणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट सूज. तिला पाय लांब करून बसवा. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेपासून मांडीच्या दिशेने तळहाताने दोन-तीन वेळा हलकेच वर निपटा. तिथला खळगा रिकामा दिसेल. मग वाटीच्या बाहेरच्या बाजूने, मांडीकडून खाली एकदा हात फिरवा आणि आतला खळगा निरखून पाहा. त्यात पाण्याची लहानशी लाट परत आलेली दिसली, तर सांध्यात अजून पाणी आहे. हे सकाळी धावण्यापूर्वी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पाहा. धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी लाट वाढलेली असेल, तर तो भार त्या गुडघ्याला आज झेपत नाही, दुखो वा न दुखो, आणि तिचे सकाळचे धावणे तूर्त थांबवावे.

तिसरी गोष्ट ताकद. साध्या खुर्चीवर, गुडघा काटकोनात येईल अशा उंचीवर बसून, हात छातीशी घेऊन, एका पायावर उठायला आणि सावकाश बसायला सांगा. आधी डावा, मग उजवा. किती वेळा जमते हे मोजाच, पण त्याहून अधिक लक्ष बसतानाच्या शेवटच्या भागावर ठेवा. कमकुवत पायावर ती अखेरचे चार-सहा इंच स्वतःला आवरू शकत नाही आणि खुर्चीवर धपकन बसते, किंवा गुडघा आत झुकतो, किंवा कंबर डावीकडे कलते. मांडीचा घेर टेपने मोजण्याची पद्धत आपल्याकडे फार प्रचलित आहे. तिच्यावर मी विसंबत नाही, कारण घेर सारखा दिसूनही ताकदीत मोठा फरक असू शकतो.

दवाखान्यात आम्ही ताकद यंत्रावर मोजतो. मोठ्या शहरांतील केंद्रांत आयसोकायनेटिक यंत्र असते, इतरत्र हातात धरण्याचा डायनॅमोमीटर पट्ट्याने बांधून काम होते, आणि तेही नसेल तर तालुक्याच्या जिममधील लेग एक्स्टेन्शनचे, म्हणजे बसून गुडघा सरळ करत वजन उचलण्याचे, मशीन चालते. प्रत्येक पायाने स्वतंत्रपणे, नीट दहा वेळा उचलता येईल असे कमाल वजन किती, हे लिहून ठेवायचे. डाव्या पायाने ३० किलो आणि उजव्याने १९ किलो होत असेल, तर उजवा पाय डाव्याच्या सुमारे ६३ टक्क्यांवर आहे. खेळात परतण्यासाठी किमान ९० टक्के हा सर्वमान्य निकष आहे. यातही एक पेच आहे : पाच महिने खेळ बंद असल्याने डावा पायही पूर्वीइतका राहिलेला नसतो, आणि कमजोर झालेल्या पायाशी तुलना करून काढलेले ९० टक्के फसवे ठरतात. म्हणून डाव्या पायाची ताकदही वाढवत न्यावी आणि शस्त्रक्रियेपूर्वीची काही नोंद असेल तर तिच्याशी ताडून पाहावे.

ताकदीनंतर उड्या. एका पायावर पुढे लांब उडी, लागोपाठ तीन उड्या, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकत तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर उड्या मारत किती वेळात कापले जाते, अशा चार चाचण्या सर्वत्र वापरल्या जातात. तिथेही दोन पायांतील फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. केवळ अंतर मोजून समाधान मानणाऱ्या फिजिओकडे मात्र मुलीला नेऊ नका. चपळ खेळाडू कमकुवत गुडघ्यानेही लांब उडी मारतो, कारण उडीचा जोर खुब्यातून आणि घोट्यातून येऊ शकतो. उडी संपते तो क्षण पाहावा लागतो. मी खेळाडूला समोरून आणि बाजूने मोबाइलवर चित्रित करते आणि तिच्यासमोरच संथ गतीने दाखवते : डावा पाय टेकताना गुडघा साठ अंशांपर्यंत मऊपणे वाकतो, धड गुडघ्यावर येते, आवाज होत नाही; उजवा पाय टेकताना गुडघा जवळजवळ ताठ राहतो, धड मागे राहते, मॅटवर पाय आपटल्याचा आवाज येतो आणि पुढच्याच क्षणी गुडघा आत कोसळतो. अंतर दोन्हीकडे सारखेच. ज्या स्थितीत तिचे एसीएल पहिल्यांदा तुटले असण्याची सर्वाधिक शक्यता आहे, तीच ही स्थिती. खेळाडूला शब्दांनी समजावण्यापेक्षा हे चित्रण एकदा दाखवलेले पुरते. त्यानंतर निवड चाचणीचा हट्ट बहुतेक मुली आपणहून सोडतात.

पुढच्या चार महिन्यांत काय करावे हे आता सांगते. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, ताकदीचा खराखुरा व्यायाम. टॉवेल गुडघ्याखाली दाबून मांडी कडक करणे किंवा पाय सरळ ठेवून वर उचलणे हे पहिल्या काही आठवड्यांचे व्यायाम आहेत. पाचव्या महिन्यात ते रोज शंभर वेळा केले तरी ताकद वाढणार नाही. वजन असे हवे की सहा ते आठ वेळा उचलल्यावर आणखी एक-दोन वेळाच शक्य व्हावे. लेग प्रेस, वजन घेऊन एका पायाची बैठक, पायरीवरून सावकाश उतरणे, मागचा पाय बाकावर ठेवून बैठक, खुब्यातून वाकून वजन उचलणे, पोटरीसाठी एका पायावर टाच उचलणे, आणि लेग एक्स्टेन्शन. या शेवटच्या यंत्राबद्दल भीती आहे, कारण त्याने ग्राफ्ट ताणला जातो असे सांगितले जाते. सुरुवातीच्या आठवड्यांत ते ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यातच आणि जपून करायचे असते हे खरे. पण पाचव्या महिन्यात, शल्यविशारदांची संमती घेऊन, पूर्ण टप्प्यात आणि वाढत्या वजनाने ते करायला हवे. क्वाड्रिसेप्सला दुसऱ्या स्नायूंची मदत न घेता काम करायला लावणारा व्यायाम हाच आहे, आणि तो टाळणाऱ्यांची ताकद नवव्या महिन्यातही अपुरी राहते.

मांडीच्या मागच्या स्नायूकडे तिच्या बाबतीत वेगळे लक्ष द्यावे लागेल, कारण ग्राफ्ट तिथूनच काढला आहे. काढलेली कंडरा बऱ्याच जणांमध्ये पुन्हा वाढते, तरी गुडघा खूप दुमडलेला असताना लागणारी ताकद कमी राहते. साखळीखालून डुबकी मारताना आणि घोट्याची पकड बसल्यावर पाय खेचून मध्यरेषेकडे झेपावताना नेमकी हीच ताकद लागते. म्हणून पालथे झोपून, गुडघा ९० अंशांच्या पुढे दुमडलेल्या स्थितीतही दोन्ही पायांची तुलना करावी. गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे धरले असता धड सावकाश पुढे झुकवण्याचा व्यायाम तिने सातव्या महिन्याच्या सुमारास, बेताबेताने सुरू करावा.

कबड्डीचा सराव ताकद पुरेशी झाल्यावरच आणि पायऱ्यापायऱ्यांनी सुरू होतो. महिलांच्या १२ बाय ८ मीटरच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३ मीटरवर आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. म्हणजे चढाईत तिला जेमतेम चार-पाच मीटरच्या जागेत वेग घेऊन, थांबून, उलट वळायचे असते. आधी समोर कोणी नसताना सरळ जाऊन दोन पायांवर थांबणे, मग एका पायावर थांबणे, मग ठरलेल्या रेषेवर दोन्ही बाजूंना वळणे. हे निर्दोष झाले की प्रशिक्षकांनी ऐन वेळी हाताने दिशा दाखवावी आणि तिने तिकडे वळावे, कारण सामन्यात वळण आधी ठरलेले नसते आणि बहुतेक गुडघे तशाच न ठरलेल्या वळणात जातात. त्यानंतर पकडीचा स्पर्श : ओळखीच्या, समजूतदार सहखेळाडूने अर्ध्या जोराने कंबर धरणे, मग मांडी, आणि सर्वांत शेवटी घोटा. घोटापकडीत पाय जागी अडकतो आणि शरीर पुढे जात राहते. त्यात बाहेरून एखादी खेळाडू गुडघ्यावर आली की आधी न दुखावलेला अस्थिबंधही टिकत नाही. मग एका बचावपटूसमोर चढाई, तिघींसमोर, सातजणींसमोर. सराव सामन्यात आधी पाच-सात मिनिटे, मग १५ मिनिटांचा एक डाव, मग पूर्ण सामना. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वर सांगितलेली सुजेची तपासणी करावी. लाट दिसली तर एक पायरी मागे. या सगळ्याला सहा-आठ आठवडे लागतात, आणि हे आठवडे नऊ महिन्यांच्या हिशेबात आधीच धरावे लागतात.

आपल्याकडच्या मुलींबाबत एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. गावातल्या मंडळात सराव मातीवर, अनवाणी होतो आणि स्पर्धा मॅटवर, बूट घालून. मातीवर वळताना पाय थोडा घसरतो आणि पिळाचा काही भाग त्या घसरण्यात निघून जातो. मॅटवर बुटाचा तळ घट्ट धरतो, पाय जागी राहतो आणि पीळ गुडघ्यात जातो. म्हणून मातीवर सगळे जमले तरी तिला मॅटवर, स्वतःच्या बुटांत, वळणांचा सराव पुन्हा पहिल्या पायरीपासून करायला लावा. बाजारातील नी कॅपने धीर येतो, ग्राफ्टचे रक्षण होत नाही. आणि निवडीपुरते दुखणे दाबणारे इंजेक्शन कोणी सुचवले, तर ते ठामपणे नाकारावे.

तुमच्यावर आणि तिच्यावर असलेला दबाव मला समजतो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे ठरावीक वयातच मिळवायची असतात, आणि निम्न मध्यमवर्गीय घरात एका हंगामाची किंमत किती असते हे मी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत रोज पाहते. तरीही हिशेब नीट मांडा. आत्ता थांबल्यास एक हंगाम जातो. ग्राफ्ट तुटल्यास दुसरी शस्त्रक्रिया, जी पहिलीपेक्षा अवघड आणि खर्चिक असते, पुन्हा वर्षभराचे पुनर्वसन, गुडघ्यातील गादी (मेनिस्कस) फाटण्याची शक्यता आणि तिशी-पस्तिशीत गुडघ्याची झीज सुरू होण्याचा धोका. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीच्या पातळीवर परतणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यापेक्षाही कमी असते, आणि पहिल्यानंतरचे चित्रही फार उजळ नाही : जगभरातील अभ्यास एकत्र केले असता सुमारे ६५ टक्के खेळाडू पूर्वीच्या पातळीवर आणि ५५ टक्के स्पर्धात्मक खेळात परतल्याचे दिसते. जे परतत नाहीत त्यांच्यापैकी अनेकांचा गुडघा चांगला असतो, मनातली भीती गेलेली नसते. म्हणून मुलीशी मोकळेपणाने बोला. ती ‘मला काही वाटत नाही’ म्हणत असेल आणि सरावात उजव्या पायावर वळणे टाळत असेल, तर तिचे शरीर खरे सांगत आहे. ही भीती मोजण्यासाठी प्रश्नावली असते, ती फिजिओकडून भरून घ्यावी, आणि प्रशिक्षकांनी तिला भित्री म्हणून हिणवू नये.

आहाराविषयी थोडेसे, कारण व्यायाम करूनही काही मुलींची ताकद वाढत नाही त्याचे कारण अनेकदा ताटात सापडते. स्नायू वाढवण्याच्या काळात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या मुलीला ८८ ग्रॅम. भाकरी, भाजी आणि वाटीभर आमटीत ती मिळत नाहीत. अंडी, दूध, दही, पनीर, सोयाबीन, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे, चालत असल्यास मासे-चिकन यांची रोज जोड हवी. वजनगटात बसण्यासाठी ती उपाशी राहत असेल किंवा तिची पाळी अनियमित झाली असेल, तर ते लपवू न देता डॉक्टरांना सांगा. अशा शरीरात ग्राफ्टही नीट पक्का होत नाही आणि हाडेही कमकुवत होतात.

फिजिओ निवडताना पदवी आणि परिषदेची नोंदणी पाहा. बीपीटी ही मूळ पदवी आहे आणि एमपीटी या पदव्युत्तर पदवीमध्ये अस्थिस्नायू किंवा क्रीडा हा विषय घेतलेला असेल तर अधिक चांगले. महाराष्ट्रात नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. पहिल्याच भेटीत तुम्ही विचारावे की ताकद कशाने मोजणार, उड्यांच्या चाचण्या करणार का, आणि नोंद लेखी देणार का. उत्तरात केवळ मशीनची नावे ऐकू आली तर दुसरीकडे जा. रोज जाण्याची गरज नाही. महिन्यातून दोन-तीन भेटी, प्रत्येक भेटीत मोजमाप आणि पुढच्या दोन आठवड्यांचा आराखडा, आणि बाकी व्यायाम गावच्या जिममध्ये किंवा तालमीत, असे केले तर खर्चही आवाक्यात राहतो.

आता या आठवड्यात तीन कामे करावीत. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना गुडघा दाखवून ग्राफ्टची घट्टता, सरळपणा आणि सूज तपासून घ्यावी. दोन्ही पायांची ताकद मोजून तारखेसह लिहून ठेवावी, आणि दर सहा आठवड्यांनी ती पुन्हा मोजावी. प्रशिक्षकांना फिजिओचे लेखी पत्र द्यावे की ती या निवडीला उपलब्ध नाही, म्हणजे त्यांच्यावरही तिला खेळवण्याचा दबाव राहणार नाही. दरम्यान गुडघा अचानक अडकला, वळताना सटकल्यासारखा वाटला, एका रात्रीत फुगला किंवा पोटरी दुखून सुजली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. नवव्या महिन्यात सर्व चाचण्या एकत्र घ्याव्यात. त्यांतील एकही राहिली तर दहावा महिना, मग अकरावा. उत्तीर्ण झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि प्रत्येक सरावाआधी वीस मिनिटांचा तयारीचा व्यायाम, ज्यात उडी मारून मऊ टेकणे, एका पायावर तोल, वळणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम असतो, ती खेळत असेपर्यंत चालू राहावा. मुलींमध्ये अशा तयारीने एसीएलच्या दुखापती निम्म्याने कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे, तेव्हा प्रशिक्षकांना विनंती करून तो संपूर्ण संघाकडूनच करून घ्यावा. तिच्या डाव्या गुडघ्यालाही त्याची तितकीच गरज आहे.